मुंबई ते लंडन : आकाशमार्गाचें अंतर व वेळ

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत एके रात्रीं साडेनवाच्या सुमारास माझ्या दारावर थाप पडली. दार उघडून पाहतों तों नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी धापा टाकीत उभा. "सर, आईनें आपणांस लगेच बोलाविलें आहे," एवढेंच तो बोलला आणि जिना उतरूं लागला. मी पायांत चपला सरकवून त्याच्या मागोमाग गेलों.

त्याचा थोरला भाऊ त्याच दिवशीं उच्च शिक्षणासाठीं लंडनास निघाला होता. वडील नोकरीनिमित्त परगांवीं. घरांत माउली एकटी बसलेली, समोर फोन व हातांत तिकिटाची छापील प्रत. ती म्हणाली, "सर, दुपारीं दोन वाजतां विमान सुटलें. विमानांत बसल्यावर पोराचा फोन आला होता. साडेसातला पोंचतें असें ह्या कागदावर स्वच्छ लिहिलें आहे. आतां पावणेदहा होत आले. फोन नाहीं, निरोप नाहीं." पुढें ती कांहीं बोलली नाहीं, व बोलण्याची गरजहि नव्हती. त्याच वर्षीं १२ जून रोजीं अहमदाबादेहून लंडनास निघालेलें विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलें होतें व त्यांतील २४२ जणांपैकीं एकच वांचला होता. ती बातमी अजून कोणत्याहि घरांत जुनी झाली नव्हती.

मीं कागद हातीं घेतला. सुटण्याची वेळ १४.००, पोंचण्याची १९.३०. "बाई," मी म्हणालों, "हे साडेसात लंडनचे आहेत, आपले नव्हेत. ह्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागें असतें. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतील तेव्हां तेथें सायंकाळचे साडेसात होतील. विमानास उशीर झालेला नाहीं. त्याला पोंचावयासच अजून सव्वादोन तास आहेत."

तिचा विश्वास बसेना. तेव्हां मीं माझ्या फोनवर विमानांचे मार्ग दाखविणारा नकाशा उघडला. त्यांत तें विमान एका लहानशा चिन्हाच्या रूपानें रुमानिया देशावरून हळूहळू सरकत होतें. माउलीनें तें चिन्ह पाहिलें आणि पदरानें डोळे पुसले. मुलाचें लक्ष मात्र त्या चिन्हाकडे नव्हतें. विमानानें आपल्या मागें सोडलेल्या रेघेकडे होतें. ती रेघ मुंबईहून निघून प्रथम समुद्रावरून पश्चिमेकडे गेली होती, आखाती प्रदेशाजवळ वळली होती, इराक व तुर्कस्तान ओलांडून मग युरोपांत शिरली होती. तो म्हणाला, "सर, हें असें वांकडें कां गेलें? आकाशांत तर डोंगर नाहींत, नद्या नाहींत. सरळ कां नाहीं गेलें?"

प्रश्न इतका चांगला होता कीं त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें मला बरें वाटलें नाहीं. तें मीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत दिलें, व आपल्यांपैकीं अनेकांच्या घरचीं माणसें आतां परदेशीं जात-येत असल्यामुळें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें.

प्रथम सरळ म्हणजे काय, हें पाहूं. वर्गाच्या भिंतीवर जो जगाचा नकाशा टांगलेला असतो, त्यावर मुलांनीं मुंबई व लंडन यांमध्यें फूटपट्टी ठेवून रेघ ओढली. ती अरबी समुद्र, दक्षिण इराण व तुर्कस्तान यांवरून गेली. मग पृथ्वीचा गोल मागविला. आमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. एका मुलानें दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर दाबून धरलें, दुसऱ्यानें दुसरें टोंक लंडनवर आणून दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलाच्या पृष्ठावरून सर्वांत आंखूड मार्ग आपोआप शोधून काढतो. त्यासाठीं त्याला भूगोल शिकावा लागत नाहीं. तो दोरा मोजला तों १७ सेंटिमीटर भरला. गोलाचा परीघ सुमारें ९४ सेंटिमीटर व पृथ्वीचा सुमारें ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरील एक सेंटिमीटर हा सुमारें ४२५ किलोमीटरांबरोबर होतो. १७ नें गुणिलें असतां ७,२२५ किलोमीटर येतात. त्रिकोणमितीनें काढलेलें दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारें ७,२१० किलोमीटर आहे. एका पैशाच्या दोऱ्यानें केवळ १५ किलोमीटरांची चूक केली, ह्याचा मुलांना फार आनंद झाला व मलाहि झाला.

पण गंमत पुढेंच आहे. हा दोरा फूटपट्टीच्या रेघेवरून गेलाच नाहीं. तो तिच्या बराच उत्तरेकडून गेला. ह्याचें कारण असें कीं पृथ्वी वाटोळी आणि कागद सपाट. भिंतीवरील नकाशाची जी पद्धत १५६९ सालीं मर्केटर नांवाच्या भूगोलज्ञानें काढली, ती खलाशांच्या सोयीची होती. होकायंत्राची एकच दिशा धरून गलबत हांकलें असतां त्याची वाट त्या नकाशावर सरळ रेघ दिसते. मात्र ती सरळ दिसणारी वाट आंखूड असते असें नाहीं. मुंबई-लंडनच्या बाबतींत ती सुमारें ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षां सुमारें १९० किलोमीटर अधिक. आणखी दूरच्या गांवांत हा फरक विलक्षण होतो. मुंबईहून अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्कोस दोरा ताणून पाहा. तो पॅसिफिक महासागर सोडून सैबीरियावरून थेट उत्तर महासागरांत शिरतो. घरीं गोल असेल त्यानें हें अवश्य करून पाहावें. गोल नसेल तर मोठें संत्रें घ्यावें, पण मग अंतर मोजण्याच्या भरीस पडूं नये.

आतां आपला मुंबई-लंडनचा दोरा कोणकोणत्या प्रदेशांवरून जातो हें बारकाईनें पाहूं. कारण त्या रात्रींच्या वांकड्या रेघेचें रहस्य तेथें आहे. मुंबई सोडून दोरा सौराष्ट्र ओलांडतो व जवळ जवळ नेमका कराची शहरावरून जातो. तेथून पूर्व व उत्तर इराण, मग काळ्या समुद्राच्या अलीकडे टिबिलिसी शहराच्या जवळून, पुढें क्रायमिया, पश्चिम युक्रेन, जर्मनी आणि शेवटीं लंडन.

कराचीचें नांव ऐकून मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. त्यांना मीं एक जुनी हकीकत सांगितली. मुंबईचा विमानी टपालाशीं संबंध जुळला तो ह्याच रेषेवर. इंग्लंडचें टपाल विमानानें कराचीपर्यंत येई. तेथून पुढें तें नेण्यासाठीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ जातीचें एक चिमुकलें विमान स्वतः चालवीत कराचीहून निघाले, अहमदाबादेस उतरले व तेथून मुंबईस जुहूच्या मैदानावर येऊन पोंचले. पुढें तें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं मद्रासेकडे नेलें. पन्नास वर्षें झाल्यावर, १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं टाटांनीं त्याच वाटेनें पुन्हां एकदां तसेंच लहान विमान चालवून कराचीहून मुंबई गांठली. तेव्हां दोन्ही देश निराळे होऊन ३५ वर्षें झालीं होतीं, मधल्या काळांत युद्धेंहि होऊन गेलीं होतीं. तरी आकाश त्यांच्यासाठीं उघडें होतें.

आकाश उघडें असतें किंवा मिटतें, हीच गोष्ट मुलास ठाऊक नव्हती. आकाशांत डोंगर नाहींत हें खरें. पण सरहद्दी आहेत. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो शहरीं अनेक राष्ट्रांनीं मिळून जो विमानवाहतुकीचा करार केला, त्याचें पहिलेंच कलम असें आहे कीं प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. दुसऱ्याच्या शेतांतून जावयाचें तर मालकाची संमति लागते, तद्वत् दुसऱ्याच्या आकाशांतून जावयास त्या देशाची परवानगी लागते व जाण्याबद्दल पैसेहि मोजावे लागतात. मालकानें कुंपण घातलें कीं वळसा घेणें आलें.

२०१९ सालीं २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्ताननें आपलें आकाश बव्हंशीं बंद ठेविलें होतें. २०२५ च्या एप्रिलमध्यें पहलगाम येथील हत्याकांडानंतर तें भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हां बंद झालें, व भारतानेंहि आपलें आकाश पाकिस्तानी विमानांस बंद केलें. आपला दोरा येथेंच, पहिल्या दोन-अडीच सेंटिमीटरांतच, तुटला. दुसरें टोंकहि शाबूत नाहीं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली, त्या दिवसापासून युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. ही केवळ कागदावरची मनाई आहे असें कोणी समजूं नये. १७ जुलै २०१४ रोजीं पूर्व युक्रेनवरून, तेव्हां मोकळ्या ठेविलेल्या उंचीवरून, ॲमस्टरडॅम ते क्वालालंपूर जाणारें एक प्रवासी विमान क्षेपणास्त्रानें पाडण्यांत आलें. त्यांतील सर्वच्या सर्व २९८ माणसें मेलीं. त्यांचा त्या युद्धाशीं कांहींहि संबंध नव्हता. त्यांची वाट तेवढी तिकडून होती.

म्हणून त्या रात्रीं विमान वांकडें गेलें. तें वाट चुकलें नव्हतें. समुद्रावरून वळसा घेऊन, जेथें जेथें आकाश उघडें होतें तेथून तेथून वाट काढीत तें गेलें होतें. मीं हें सांगितलें तेव्हां मागील बांकावरील एक मुलगा म्हणाला, "मग सर, अंतर किती म्हणून विचारलें तर काय लिहावें?" परीक्षेंत विचारलें तर ७,२१० किलोमीटर लिहावें, कारण तें पृथ्वीच्या आकाराचें अंतर आहे व तें बदलत नाहीं. विमान प्रत्यक्ष किती चाललें हें मात्र त्या दिवशींच्या वर्तमानपत्रावर अवलंबून असतें.

आतां वेळेकडे वळूं. मोठीं प्रवासी विमानें दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातात. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. मग तिकिटावरील हिशोबानें जावयास दहा तास व परत यावयास नऊ, असें कां? वळशाचा कांहीं भाग त्यांत आहे. परंतु जाण्यायेण्यांत जो फरक पडतो, त्याला मुख्यतः वारा कारण आहे.

येथें दर वर्षीं कोणीतरी हुशार मुलगा हात वर करून विचारतो, "सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेस जाणाऱ्या विमानाखालीं लंडन आपणहून जवळ येत असलें पाहिजे. त्याला वेळ कमी लागावयास हवा!" तर्क सुरेख आहे, पण चुकीचा आहे. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत बसून तुम्ही चेंडू वर उडविला तर तो मागच्या बांकावर जाऊन पडतो काय? तुमच्याच हातांत पडतो. कारण चेंडू, तुम्ही व डब्यांतील हवा हीं सारीं गाडीबरोबरच धांवत असतात. तसेंच पृथ्वीबरोबर तिचें वातावरणहि फिरतें. विमान धांवपट्टीवर उभें असतांनाच त्या फिरण्यांत सामील असतें, व वर गेल्यावर तें ज्या हवेंत पोहतें ती हवाहि सामीलच असते. विमानास मोजावयाचा असतो तो ह्या हवेचा स्वतःचा प्रवाह, म्हणजे वारा.

आपल्या अक्षांशांच्या उत्तरेस, उंच आकाशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे मोठे ओघ वाहत असतात. कधीं कधीं त्यांचा वेग ताशीं २०० किलोमीटरांहूनहि अधिक असतो, आणि हिवाळ्यांत ते विशेष जोरदार होतात. लंडनास जाणाऱ्या विमानास हा वारा समोरून लागतो, येणाऱ्यास पाठीमागून. नदीच्या ओघाविरुद्ध व ओघाबरोबर होडी हांकण्यासारखेंच हें आहे.

फळ्यावर आम्हीं एक गणित केलें. समजा सरासरी वारा ताशीं १०० किलोमीटर आहे. जातांना विमानाचा जमिनीवरील वेग ८०० झाला. ७,२०० किलोमीटरांस ९ तास लागले. येतांना वेग १,००० झाला. ७ तास १२ मिनिटें लागलीं. एकूण १६ तास १२ मिनिटें. वारा मुळींच नसता तर ८ अधिक ८ मिळून १६ तास लागले असते. म्हणजे वाऱ्यानें जातांना जें घेतलें तें येतांना सारें परत दिलें नाहीं. १२ मिनिटें आपल्यापाशीं ठेवून घेतलीं. कारण उघड आहे : जो वारा आडवितो त्याच्या तडाख्यांत विमान ९ तास राहतें, आणि जो ढकलतो त्याच्या संगतींत केवळ ७ तास. सावकाराच्या हिशोबासारखा हा प्रकार पाहून वर्ग हसला.

याशिवाय तिकिटावरील वेळ ही नुसत्या उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हललें येथपासून तें परक्या विमानतळावर आपल्या जागीं थांबलें येथपर्यंत ती मोजतात. मुंबईच्या विमानतळावर दोन धांवपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींस छेदून जात असल्यामुळें दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. म्हणून विमानांस रांगेंत उभें राहावें लागतें. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्यापूर्वीं आकाशांत घिरट्या घालीत पाळीची वाट पाहण्याचा प्रसंगहि नेहमींचाच. हा सारा वेळ वेळापत्रक करणाऱ्यांनीं आधींच धरून ठेविलेला असतो. म्हणूनच एखादें विमान उशिरां सुटूनहि वेळेवर पोंचलेलें दिसतें.

दहा तासांस "केवढा वेळ!" असें म्हणणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगून ठेवितों. सुएझच्या कालव्यांतून बोटीनें मुंबईहून लंडन सुमारें ११,६०० किलोमीटर पडतें, व त्या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें चार पंख्यांचें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तेंहि एका दमांत जाऊं शकत नव्हतें. कैरो व जिनिव्हा येथें उतरत त्याला जावें लागलें.

राहतां राहिला घड्याळाचा घोंटाळा, ज्यानें त्या माउलीस रडविलें. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवच्या घड्याळाची असते, हें कोठें लिहिलेलें असतें कोण जाणे. असलें तरी अशा अक्षरांत असतें कीं आईबापांच्या डोळ्यांस तें दिसूं नये. दोनला सुटून साडेसातला पोंचणें, ह्यांत दिसावयास साडेपांच तास आहेत. त्यांत साडेचार मिळविले म्हणजे खरे दहा होतात. उलट, त्याच महिन्यांत लंडनहून रात्रीं नऊ वाजतां सुटणारें विमान मुंबईस दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेदहास पोंचतें. दिसावयास साडेतेरा तास. त्यांतून साडेचार वजा केले कीं नऊ उरतात.

ह्यांत एक युक्ति आहे. घड्याळांतील फरक किती हें मुळींच ठाऊक नसलें तरी जाण्याचे दिसणारे तास व येण्याचे दिसणारे तास यांची बेरीज करावी. साडेपांच आणि साडेतेरा मिळून एकोणीस. खरे तास दहा आणि नऊ, तेहि एकोणीसच. जातांना घड्याळानें जितकें लपविलें, तितकेंच येतांना वाढवून सांगितलें, म्हणून बेरजेंत लबाडी टिकत नाहीं. मात्र जाणें व येणें एकाच ऋतूंतलें असावें. कारण इंग्लंडांत मार्चच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करितात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पुन्हां मागें आणितात. आपल्याकडे तशी चाल नाहीं.

त्या रात्रीं लंडनहून फोन आला तो सव्वा वाजतां. मुलगा सुखरूप पोंचला होता. उतारपत्रांची तपासणी करून घेण्याच्या रांगेंत त्याचा एक तास गेला होता. मी घरीं परतलों तेव्हां रस्त्यावर कुत्रींसुद्धां निजलीं होतीं.

डिसेंबरांत तोच मुलगा नाताळच्या सुटींत घरीं यावयाचा होता. धाकट्यानें तिकिटाची नक्कल वर्गांत आणली : लंडनहून सुटण्याची वेळ २१.००, मुंबईस पोंचण्याची दुसऱ्या दिवशीं ११.३०. मीं फळ्यावर घाईघाईनें मांडलें : दिसणारे तास साडेचौदा, वजा साडेचार, बाकी दहा. वाऱ्याचा जोर हिवाळ्यांत अधिक असूनहि येण्यास दहा तास कां लागावेत, ह्यावर मी विचार करीत होतों, तों तो मुलगा उभा राहून अदबीनें म्हणाला, "सर, आई म्हणते नऊ. ऑक्टोबरअखेर दादाचें घड्याळ एक तास मागें गेलें ना, तेव्हांपासून ती साडेपांच वजा करते."